कशाचं आहे?

2 एप्रिल 2022, शनिवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी पुरणपोळी आणि त्यावर तासभर झोप. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास ओट्यावर बसलो होतो. पश्चिमेकडून आगीची रेघ निघाली आणि गावावरून आडवी पूर्वेकडे चालली. पुढे एक मोठा गोळा, त्यामागे लहान लहान तुकडे, प्रत्येकाला शेपूट. गल्लीतली पोरं ओरडायला लागली, म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. कुणी विमान जळालं म्हणालं, कुणी उल्केनं झालेल्या लोणारचं नाव काढलं. आपल्याकडे आकाशातून काही आलं की लोणार निघणारच.

पण उल्का अशी रेंगाळत नाही, ती दिसली म्हणेपर्यंत विझते. हे मात्र चांगलं पाऊण-एक मिनिट, सावकाश, आडवं आणि फुटत फुटत गेलं. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा ती अशी तिरपी, वातावरणाला घासत येते. दगड नव्हता, माणसानं बनवलेलं काहीतरी होतं. रात्री अकोला, बुलडाणा, जळगाव, नागपूर, जिकडून तिकडून व्हिडिओ येत होते.

3 एप्रिल, रविवार

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. व्यास तीन मीटरच्या आसपास. सुदैवानं कुणाला लागलं नाही. पुतण्यानं आमच्या वेल्डिंगच्या दुकानात मोबाईल समोर धरला.

"काका, हे पाहा बरं. कोनाचं असन?"

सकाळपासून दुकानात आलेल्या प्रत्येकाचा हाच प्रश्न. चीनचं का अमेरिकेचं का आपलंच. मी तीस-एक वर्षं आयटीआयमध्ये वेल्डिंगचा शिल्प निदेशक होतो, माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो. हे कशाचं आहे? ॲल्युमिनियम, स्टील की टायटॅनियम? फोटोवरून धातू सांगता येत नाही. तुकडा हातात असता तर ग्राइंडरवर नुसता टेकवला असता. ॲल्युमिनियम ठिणगीच देत नाही. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, लांब, पिवळसर रेघा टाकतं. कार्बन जास्त असला की रेघेच्या टोकाला फाटे फुटतात. टायटॅनियमची ठिणगी पांढरीफेक, डोळ्याला लागणारी. पोरांना सुरुवातीलाच मी हेच शिकवायचो, रॉड हातात देण्याआधी.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "भंगारात किती येतीन ह्याचे?" पुतण्या हसला. मला हसू आलं नाही. अशा वस्तूत दाबाखालचा वायू किंवा विषारी इंधनाचा अंश शिल्लक असू शकतो. हात न लावता पोलीस पाटलाला सांगायचं, एवढंच करायचं असतं.

5 एप्रिल, मंगळवार

सिंदेवाही तालुक्यात गोल टाक्याही सापडल्या. अंतराळातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांचा अंदाज असा की हा चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेला, तेव्हापासून वर फिरत होता. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटरच असतो, म्हणजे कड्याचं माप जुळतं.

गोल टाक्यांवर आज बराच वेळ गेला. रॉकेटच्या इंधनटाकीत दाब टिकवायला हेलियम लागतो, तो अशा बाटल्यांत हवेच्या शेकडो पट दाबाखाली भरतात. आत पातळ धातूचं कवच, बहुधा टायटॅनियमचं किंवा ॲल्युमिनियमचं, आणि वरून कार्बन तंतूचे वेढे. वर जाताना ही बाटली फुटली तर अख्खं रॉकेट गेलं. म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत. टायटॅनियम वितळतं 1668 अंशांना, ॲल्युमिनियम 660 ला. टप्पा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरला की इंधनटाक्यांचं पातळ ॲल्युमिनियम आधी जातं. बाटली मात्र पोकळ आणि हलकी, हवेनं लवकर मंदावते, तंतूंच्या वेढ्यांमुळे तापही उशिरा लागतो. ती तगते, आणि कुणाच्या तरी वावरात येऊन पडते.

म्हणजे कारखान्यानं जे सगळ्यात चांगलं बनवलं तेच गावावर पडलं. वाईट बनवलं असतं तर वरच जळून गेलं असतं. इतकी वर्षं पोरांना "मजबूत करा रे" म्हणत आलो. या धंद्यात तेवढ्यानं भागत नाही. धातूनं कुठे टिकायचं आणि कुठे टिकायचं नाही, दोन्ही आधी ठरलेलं असावं लागतं. नियम म्हणा वा शिरस्ता, अमेरिका आणि युरोपच्या संस्था असं धरून चालतात की खाली येणाऱ्या एका वस्तूमुळे कुणाला इजा होण्याची शक्यता 10,000 मध्ये एकाहून जास्त नसावी. हा आकडा पाळायचा तर बाटली कशाची करायची, इथूनच सुरुवात होते.

17 एप्रिल, रविवार

दुकानात ट्रॅक्टर ट्रॉलीचं काम. अँगल आणि चॅनल आले. मी विचारलं, टीसी आहे का?

"टीसी कोन मांगते काका? गिऱ्हाईक भाव इचारते."

खरं आहे. टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे माल कोणत्या हीटचा (भट्टीच्या कोणत्या घाण्याचा), त्यात कार्बन किती, ओढून तोडला तेव्हा किती ताणाला तुटला, याचा गिरणीनं दिलेला कागद. गावच्या दुकानात तो येत नाही, आला तरी कुणी वाचत नाही. मी चॅनलचा तुकडा ग्राइंडरला लावला. एका टोकाला लांब रेघ, दुसऱ्या टोकाला तारे फुटले. एकाच चॅनलमध्ये दोन जाती. मिसळ भंगार वितळवून ओढलेला माल. ट्रॉलीच्या फाळक्याला चालेल, दांड्याला नाही. दांडा पुतण्यानं दुसऱ्या चॅनलचा केला, कुरकुर करत.

संध्याकाळी त्याला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. टॉरस एक्सएल नावाचं रॉकेट. 24 फेब्रुवारी 2009 ला हवेतला कार्बन मोजणारा ओसीओ उपग्रह घेऊन उडालं, पण उपग्रहावरचं टोपण सुटलं नाही. टोपणाचं ओझं घेऊन कक्षा गाठता येईना, सगळं समुद्रात. दुरुस्त्या केल्या, 4 मार्च 2011 ला ग्लोरी उपग्रह पाठवला. पुन्हा टोपण अडकलं, पुन्हा समुद्र. दोन्ही मिळून 70 कोटी डॉलरांहून जास्त गेले.

कारण कळायला 2019 साल उजाडलं. टोपणाच्या जोडात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या आत स्फोटकाची दोरी. दोरी उडाली की पट्ट्या ठरल्या रेषेवर तुटायच्या आणि टोपण उघडायचं. त्या पूर्ण तुटल्याच नाहीत. पट्ट्या देणाऱ्या सापा प्रोफाइल्स कंपनीत ताण-चाचणीचे आकडे हातानं बदलले जात होते. एखाद-दुसऱ्यांदा नव्हे, 19 वर्षं. नापास माल पास म्हणून शेकडो गिऱ्हाइकांकडे गेला. कंपनीनं 4.6 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. झालेल्या नुकसानीपुढे ती रक्कम काहीच नव्हे.

पुतण्याला यातली एक गोष्ट पटली. त्याला वाटत होतं खोट्या कागदानं माल कच्चा निघतो आणि तुटतो. इथे उलट झालं, तुटायचा तो तुटला नाही. "मंग तुमी म्हंता तसं, मजबूत असून उपेग नाही," म्हणाला. म्हटलं, मजबूत असो की कच्चा, जसा सांगितला तसा पाहिजे.

याच जातीची दुसरी गोष्ट स्पेसएक्सची. 28 जून 2015, फाल्कन 9 उड्डाणानंतर 139 सेकंदांनी हवेतच फुटलं. वरच्या टप्प्यातल्या ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमची बाटली धरून ठेवणारा दांडा तुटला होता. त्याच्या टोकाचं ओतीव स्टीलचं डोळं 10,000 पौंडांचा भार घेईल असं लिहिलेलं होतं, तुटलं ते कंपनीच्या हिशेबानं 2,000 वर. नासाच्या तपासणीनं बोट ठेवलं ते निवडीवर: विमान-अवकाशाच्या दर्जाचा सुटा भाग न घेता साध्या औद्योगिक दर्जाचा घेतला, आणि नग तपासून न घेता बसवला. त्यानंतर कंपनी एकेक दांडा ओढून बघायला लागली.

बाजारातलं नटबोल्ट घेणारे आपण एकटेच नाही एवढं कळलं. समाधान मात्र वाटलं नाही.

8 जून, बुधवार

मृग लागला, पाऊस नाही. गोठ्यांवर नवे पत्रे टाकून घेण्याची सगळ्यांची घाई. दिवसभर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांना भोकं पाडत होतो. जस्तानं पत्रा वीस वर्षं टिकतो, आपल्याकडे जस्ताइतकी स्वस्त सोय नाही. आणि अंतराळयानात तेच जस्त निषिद्ध. निर्वात पोकळीत थोडं तापलं की डांबराच्या गोळीसारखं ते उडून जातं आणि भिंगांवर, तारांवर जाऊन बसतं. कॅडमियमचंही तेच. शुद्ध कथिलाचा मुलामाही चालत नाही. त्यातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात आणि शॉर्ट सर्किट करतात. 1998 च्या मे महिन्यात गॅलॅक्सी 4 हा उपग्रह अशा तंतूंमुळे गेला असं मानतात. त्या दिवशी अमेरिकेतले बहुसंख्य पेजर मुके झाले.

रंग, डिंक, वायरीवरचं प्लास्टिक, यांनाही परीक्षा आहे. निर्वात पेटीत 125 अंशांवर 24 तास ठेवायचं. वजन एक टक्क्याहून जास्त घटलं किंवा मूळ वजनाच्या दशांश टक्क्याहून जास्त भाग उडून थंड तबकडीवर जमला, की तो पदार्थ बाद. भारी असो, नावाजलेला असो.



14 जुलै 2023, शुक्रवार

वर्षभरात वहीत बिजवाई, दवाखाना आणि लग्नं यांच्याशिवाय फारसं काही नाही. आज मात्र लिहायला हवं. दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 गेलं. डवरणी सोडून पोरं दुकानातल्या मोबाईलभोवती जमली. धूर निघाला तो दोन्ही बाजूंच्या एस-200 बूस्टरांतून. साडेनऊ मजली इमारतीएवढी उंची... नाही, उगाच नको, सरळ आकडा लिहू: व्यास 3.2 मीटर, लांबी सुमारे 25 मीटर.

या बूस्टरांचं कवच मॅरेजिंग स्टीलचं. अठरा टक्के निकेल, वर कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, कार्बन जवळजवळ शून्य. आपलं नेहमीचं एमएस जिथे वाकायला लागतं, त्याच्या सहा-सात पट ताणावर हे वाकायला लागतं. गंमत अशी की घडवताना ते मऊ असतं. जोडायचं, वळवायचं, मग 480 अंशांच्या भट्टीत ठेवायचं, तेव्हा ते कडक होतं. वेल्डरच्या दृष्टीनं देवाची देणगी आणि परीक्षाही, कारण जोडाजवळची बारीकशी चीर या कडक धातूत थांबत नाही, धावते. आपल्या राज्यातल्या कारखान्यांचा यात मोठा हात आहे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर 1970 च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेटची कवचं बनवतंय. लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यात एस-200 चे भाग बनतात आणि दाब देऊन तपासूनच बाहेर पडतात. द्रव इंधनावरची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजची.

रात्री एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो मुंबईकडे एका कारखान्यात जोडांच्या एक्स-रे फिल्म वाचतो. इथून वाशीमच्या आयटीआयला सायकलनं यायचा तो पोरगा. म्हणाला, "सर, तुम्ही जोडाचं बीड बघायला शिकवलं, इथे आधी तारा बघतो." जोडावर फिल्म काढताना शेजारी बारीक तारांचा एक संच ठेवतात, एकाहून एक पातळ. फिल्मवर ठरलेली पातळ तार दिसली नाही तर ती फिल्मच रद्द, मग जोड कितीही सुंदर दिसो. आधी डोळा खरा आहे का ते सिद्ध करायचं, मग धातू. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत काही मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं म्हणाला. त्यानंच रशियातल्या व्होरोनेझच्या कारखान्याचंही सांगितलं. इंजिनाच्या ब्रेझिंगला ठरलेली मिश्रधातू न वापरता दुसरी, कमी ताप सोसणारी वापरली. 2017 च्या सुरुवातीला हे उघडकीला आलं आणि प्रोटॉन रॉकेटची तयार इंजिनं परत बोलवावी लागली. जोड बाहेरून पाहिला असता तर एकाही मिस्त्रीला ओळखू आला नसता.

आपल्या इस्रोचंही एक प्रकरण आठवलं. 19 ऑगस्ट 2013, जीएसएलव्ही-डी5, उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळायला लागलं. टाकी ॲफनॉर 7020 या ॲल्युमिनियमच्या जातीची होती. ही जात काळानं, ताणाखाली चिरा धरते. उड्डाण थांबवलं. टाकी 2219 या जातीची केली, आणि 5 जानेवारी 2014 ला तेच रॉकेट भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह यशस्वी झालं. लोक क्रायोजेनिक इंजिन लक्षात ठेवतात. माझ्या लेखी मोठी गोष्ट टाकी बदलण्याची आहे, कारण आधीची टाकी कागदावर पास होती.

23 ऑगस्ट 2023, बुधवार

पावसानं महिनाभर दडी मारली आहे. सोयाबीन दुपारी माना टाकतं. तरी संध्याकाळी सहाला सगळं गाव टीव्हीपुढे. 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. फटाके फुटले, पेढे आले.

माझं लक्ष पायांकडे. विक्रमच्या पायांत ॲल्युमिनियमची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, आपटल्यावर ती चेपावी म्हणूनच बसवलेली. ती चेपते आणि धक्का खाते, वरची यंत्रं वाचतात. मागच्या, चांद्रयान-2 च्या खेपेला उतरणं फसलं, त्यानंतर पाय मजबूत केले, सेकंदाला तीन मीटर वेगानं टेकलं तरी निभावेल असे. पण "मजबूत केले" याचा अर्थ जाड ठोकळा घातला असा नव्हे. किती बळाला किती चेपायचं हे आधी मोजून ठरवलेलं. पुतण्या म्हणाला, "म्हंजे मोडाले बनवलं?" हो, मोडायलाच बनवलं.

16 एप्रिल 2024, मंगळवार

निवडणुकीचे भोंगे आणि ऊन. पेपरात बातमी: फ्लोरिडातल्या नेपल्स गावात 8 मार्चला एका घराचं छप्पर आणि मजला फोडून धातूचा तुकडा आत आला होता, तो आपलाच असल्याचं नासानं आता मान्य केलं. वजन 0.7 किलो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जुन्या बॅटऱ्यांचा सांगाडा मार्च 2021 मध्ये मोकळा सोडून दिला होता, त्यातला हा खुंट. सगळं वरच जळेल असा हिशेब होता.

तुकडा कशाचा, हेही यावेळी बातमीत होतं. इन्कोनेल. निकेलची मिश्रधातू, जेट इंजिनाच्या तापत्या भागात वापरतात ती. तापाला न डगमगणारी म्हणूनच निवडलेली, आणि तिच्याकडून अपेक्षा जळून जाण्याची! हिशेब करणाऱ्यांपेक्षा धातू प्रामाणिक निघाला. आता नवी यानं बनवताना खाली येताना जळून जाणारे भाग वापरावेत असा आग्रह वाढतोय, टायटॅनियमच्या टाक्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या. चांगलं आहे. उशीर झाला आहे, पण चांगलं आहे.

12 जून 2024, बुधवार

आयटीआयचे प्रवेश सुरू झाले. कालपासून दोन-तीन पोरं आणि त्यांचे बाप विचारायला आले, वेल्डर घेऊ का फिटर, का इलेक्ट्रिशियन? नोकरी कशात आहे? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून ठेवतो, पुतण्या दुकानाच्या दारावर चिकटवेल.

वेल्डर घ्या, जरूर घ्या. पण ट्रेड झाल्यावर थांबू नका. डाय-पेनिट्रंट, अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी, यांतली एक तरी तपासणी शिका, त्याची पातळी-परीक्षा द्या. जोड मारणारे पुष्कळ आहेत, जोड नापास करण्याची हिंमत आणि ज्ञान असणारे कमी आहेत, आणि मोठ्या कारखान्यांना तेच हवे असतात. माल हातात आला की भाव विचारण्याआधी कशाचा आहे ते विचारा. कागद मागा, कागद मिळाला तरी एक तुकडा तोडून बघा.

ज्याला ठिणग्या ओळखायला शिकायच्या असतील त्यानं रविवारी यावं. दुकान 9 ला उघडतं, ग्राइंडर मोकळा असतो. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि चष्मा स्वतःचा आणा.